लेव्हल ८ हरते, भाचा हरत नाही

पत्र इचलकरंजीहून आलं आहे. लिहिणारे ४१ वर्षांचे, यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेबाचं काम करतात. दीड वर्षापूर्वी मुलासाठी म्हणून घरात प्लेस्टेशन आलं. मुलगा महिनाभरात क्रिकेटकडे वळला आणि वडील स्ट्रीट फायटर ६ या मारामारीच्या गेममध्ये अडकले. आजोबा तालमीतले पैलवान होते, म्हणून त्यांनी कॅरॅक्टर निवडलं ते झांगिफ, रशियाचा कुस्तीगीर. रात्री साडेदहाला घर झोपलं की तासभर कॉम्प्युटरशी सामना. लेव्हल १ पासून चढत चढत ते सगळ्यांत वरच्या ८ पर्यंत आले, आणि आता तिथेही दहातले आठ डाव जिंकतात.

दिवाळीत पुण्याहून बहिणीचा सतरा वर्षांचा मुलगा आला, केन हे कॅरॅक्टर घेऊन बसला आणि ओळीने चौदा डाव जिंकला. मामांना एकही मिळाला नाही. उठताना भाचा म्हणाला, "मामा, तू माझ्याकडं बघतच नाहीस की." ते मामांना लागलं. तेव्हापासून रोजच्या एका तासाचे दोन झाले आहेत. लेव्हल ८ ला दहापैकी दहा वेळा हरवल्याशिवाय ऑनलाइन जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आहे. पत्नी विचारते, "मशीनला हरवून मिळतं काय?" आणि ते मला तीन प्रश्न विचारतात: माझं वय उलटून गेलंय का? कॅरॅक्टर बदलू का? आणि माणसांसमोर बसायच्या लायकीचा होण्यासाठी अजून किती महिने कॉम्प्युटरशी प्रॅक्टिस करू?

—

तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिले दोन त्याच्याच पोटात आहेत.

'अजून किती महिने' असं विचारताना तुम्ही एक गोष्ट धरूनच चालला आहात: लेव्हल ८ ही जिन्याची शेवटची पायरी आणि तिच्या वर लगेच माणसं. जिना तसा नाही हो. लेव्हल १ ते ८ हा एका वाड्याचा जिना आहे आणि माणसांचा जिना शेजारच्या वाड्यात आहे. इथे कितीही वर चढलात तरी तिथे तळापासूनच सुरुवात. पायांत ताकद आलेली असेल, ती वाया जाणार नाही. पण पायरी पहिलीच.

माझं लहानपण व्हिडिओ गेम पार्लरच्या दारात गेलं. दारात अशासाठी, की आत मुली जात नसत. मी भावाला जेवायला बोलावण्याच्या निमित्ताने उभी राहायची. तिथे स्ट्रीट फायटर २ चं मशीन होतं. तो गेम १९९१ चा; तुमचा झांगिफही त्याच गेममध्ये पहिल्यांदा आला. त्यात गाइल नावाचा अमेरिकन सैनिक होता. त्याचा सॉनिक बूम, म्हणजे लांबून फेकायचा वार, मारायचा तर आधी जॉयस्टिक थोडा वेळ मागे दाबून धरावी लागे, म्हणजे मारण्याआधी तो चालून येऊच शकत नसे. हा नियम आपल्याला. कॉम्प्युटरच्या हातातला गाइल खुशाल चालत पुढे यायचा आणि चालता चालता मारायचा. पोरं मशीनला लाथा घालायची. "चीटिंग करतंय!" आणि ती खरोखर चीटिंगच होती.

हे सांगायचं कारण, कॉम्प्युटर आपला खेळ खेळतच नाही. त्याला डोळे लागत नाहीत. तुम्ही काय दाबलंत हे त्याला पडद्यावर बघून ओळखावं लागत नाही. वरच्या लेव्हलला तो जास्त वेळा अचूक वागतो, खालच्या लेव्हलला मुद्दाम चुका करतो, आणि या चुकांचं प्रमाण कोणीतरी बसून ठरवलेलं असतं. दीड वर्षात तुमच्या बोटांनी ते प्रमाण पाठ केलं आहे. मला खात्री आहे, लेव्हल ८ च्या विरुद्ध तुमच्या दोन-तीन ठरलेल्या युक्त्या असतील. अमुक अंतरावरून अमुक उडी मारली की ती हमखास फसते, वगैरे. त्या युक्त्या भाच्यावर चालल्या नाहीत ना? चालणार कशा, त्या झांगिफच्या नव्हत्याच, त्या त्या प्रोग्रामच्या होत्या.

आता झांगिफकडे येऊ. तुम्ही कॉम्प्युटरशी एकट्याने शिकायला कठीणातलं कठीण कॅरॅक्टर निवडलं आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. रियू किंवा केन घेतला असता तर लांबून हदोकेन हा ऊर्जेचा गोळा, समोरचा उडी मारून आला की शोर्युकेन हा वर उसळणारा ठोसा, एवढं तरी मशीनसमोर बऱ्यापैकी घटवता येतं. झांगिफ हळू चालतो, लांबून मारायला त्याच्याकडे फारसं काही नाही. त्याचा सगळा खेळ एका गोष्टीवर उभा आहे: समोरच्याला वाटणारी भीती. तो जवळ आला की स्क्रू पाइलड्रायव्हर, म्हणजे धरून आपटायचा डाव, बसेल, आणि तो ब्लॉक करता येत नाही. ब्लॉक करत बसलेल्या माणसाला पोटात गोळा येतो, तो घाबरून उडी मारतो, नाहीतर घाबरून काहीतरी बटण दाबतो, आणि झांगिफ त्या घाबरण्याची किंमत वसूल करतो.

कॉम्प्युटरच्या पोटात गोळा येत नाही. तुम्ही त्याला चार वेळा आपटलंत तरी पाचव्या वेळी तो पहिल्या वेळेसारखाच उभा असतो.

दिवाळीतला तुमचा डाव मी पाहिलेला नाही, पण झांगिफच्या बाजूने मीही बरेच डाव हरले आहे, त्यामुळे अंदाज करते. केन खाली पडला. तुम्ही जवळ गेलात. तो उठतो तोच हलका पंच मारलात, त्याने ब्लॉक केला. लगेच अंगठा गोल फिरवून पाइलड्रायव्हर. बरोबर? लेव्हल ८ वर हे बऱ्याचदा बसतं. भाचा मात्र पंच ब्लॉक करून सरळ वर उडाला. झांगिफने दोन्ही हातांनी हवा मिठीत घेतली आणि तसाच उघडा उभा राहिला. वरून केनची लाथ आली, तिला जोडून सगळी मालिका आली, एक तृतीयांश रक्त गेलं. पुढच्या वेळी तुम्ही तेच केलंत. त्यानेही तेच केलं. चौदा डाव.

आता भाच्याचं वाक्य पुन्हा वाचा. "मामा, तू माझ्याकडं बघतच नाहीस की." तुम्ही ते टोमणा म्हणून घेतलंत. मला त्यात एखाद्या वस्तादाचं निदान दिसतं, फुकटात मिळालेलं. दीड वर्ष तुम्ही ज्याच्यासमोर बसलात त्याच्याकडे बघण्यासारखं काही नव्हतंच, त्यामुळे बघायची सवय लागली नाही. तुम्ही पंच मारायच्या आधीच पाइलड्रायव्हर ठरवून ठेवता. पंच मारून अर्धा श्वास थांबला असतात तर पोरगा वर उडताना दिसला असता, आणि लॅरिएट, म्हणजे हात पसरून गरगर फिरण्याचा वार, मारून तो हवेतच पाडता आला असता. असा दोनदा पाडा. तिसऱ्यांदा तो जमिनीवर राहतो, आणि तेव्हा पाइलड्रायव्हर बसतो. तुमच्या आजोबांना हे वेगळं सांगावं लागलं नसतं. हौद्यात सलामी झाल्यावर पैलवान लगेच पटात शिरत नाही, आधी खडाखडी होते. हात धरतो, सोडतो, मानेवर रेटा देतो, समोरचा कुठे वजन टाकतो ते बघतो. तुमच्या खेळातून खडाखडीच गायब आहे.

मग दीड वर्ष पाण्यात गेलं का? नाही. इथे तुमच्या पत्नीच्या प्रश्नालाही उत्तर द्यायचं आहे.

मल्लखांबाचं नावच बघा, मल्लाचा खांब. पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाचे गुरू बाळंभटदादा देवधर यांनी तो नव्याने उभा केला असं मानलं जातं. पैलवानाची पकड, चपळाई, अंगाची लवचिकता कमवायला खांब. खांब डाव उलटवत नाही, दमत नाही, चिडत नाही, म्हणून एकच पकड त्यावर शंभरदा करता येते. तुमच्या गेममधलं ट्रेनिंग मोड, म्हणजे एकट्याने सराव करायची जागा, तेही तेवढ्यासाठीच आहे. पण खांबाची दुसरीही गोष्ट आहे. मल्लाच्या सरावासाठी आलेला तो खांब पुढे स्वतःच एक खेळ झाला. त्याच्या स्पर्धा होतात, त्यावरची मुलं कुस्ती खेळत नाहीत आणि कोणी त्यांना "खांबावर चढून मिळतं काय" असं विचारत नाही.

म्हणजे तुम्हाला रात्रीचा तास फक्त कॉम्प्युटरशी घालवायला आवडत असेल तर तो घालवा, बिनधास्त. कोणी शब्दकोडी सोडवतं, कोणी पेटी घेऊन बसतं. त्याची लाज वाटून घेऊ नका आणि त्याला 'प्रॅक्टिस' असं भारदस्त नावही देऊ नका. मात्र तुमच्या पत्रात त्या तासाच्या मजेचा एकही शब्द नाही, हे मला खटकलं. सगळीकडे 'तयारी', 'लायकी', 'दहापैकी दहा'. पत्नी कदाचित मशीनबद्दल विचारतच नसतील. साडेदहाचे साडेबारा झाले, सकाळी तुम्ही चिडचिडे उठता, त्याबद्दल विचारत असतील. एकदा त्यांनाच विचारून बघा. दोन तासांचा एक तास मात्र आजच करा. थकलेल्या अंगठ्याला चुकाच पाठ होतात.

तुम्हाला माणसांशीच खेळायचं असेल, आणि पत्रावरून मला तसंच वाटतं, तर एकट्याने काय शिकता येतं आणि काय नाही याची वाटणी करून घ्या.

त्याचं उत्तम उदाहरण २००४ सालचं आहे. कॅलिफोर्नियात एव्हो नावाची स्पर्धा, गेम स्ट्रीट फायटर ३ चा थर्ड स्ट्राइक. जपानच्या दाइगो उमेहाराचा केन, रक्त जवळजवळ शून्यावर, नुसता ब्लॉक केला तरी मरेल इतकं. समोर अमेरिकेच्या जस्टिन वाँगची चुन-ली. तिने पंधरा लाथांचा सुपर, म्हणजे राखून ठेवलेला जबर वार, सोडला आणि दाइगोने पंधराही लाथा एकेक करून पॅरी केल्या, म्हणजे नेमक्या क्षणी इजा न होता परतवल्या, मग उलटून डाव जिंकला. लोक तो व्हिडिओ अजून बघतात. त्या लाथांची लय एकट्याने शिकता येते: डमीकडून, म्हणजे सरावाच्या बाहुल्याकडून, तोच सुपर पुन्हा पुन्हा मारून घ्यायचा आणि हात बसवायचा. पण पहिली लाथ पॅरी करायला सुपर दिसायच्या आधीच जॉयस्टिक पुढे टाकावी लागते. म्हणजे जस्टिन आत्ता मारणार हे ओळखणं. ते कुठल्याही डमीने शिकवलेलं नाही. (त्या वर्षी स्पर्धा दाइगो जिंकला नाही, अंतिम सामन्यात हरला. हे लोक सांगायला विसरतात.)

तेव्हा तुमचा रोजचा तास असा वाटा.

पहिली पंधरा मिनिटं बोटांची. पाइलड्रायव्हरसाठी अंगठा पूर्ण गोल फिरवायचा म्हणून तुम्ही घाई करत असाल आणि मध्येच झांगिफ उडी मारत असेल. चारही मुख्य दिशांना स्पर्श झाला की काम होतं, म्हणजे पाऊण गोल पुरतो. तो पाऊण गोल दुसऱ्या हालचालीच्या आड लपवायला शिका: पंच चालू असतानाच फिरवायला लागा. डावीकडून वीस, उजवीकडून वीस. बहुतेकांची एक बाजू कच्ची असते, आणि माणसाला ती दोन डावांत कळते.

पुढचा अर्धा तास डोळ्यांचा, आणि हाच तुमच्याकडे नाही. लेव्हल ८ बंद करा. ट्रेनिंग मोडमध्ये डमी म्हणून केन घ्या आणि त्याच्या हालचाली तुम्ही स्वतः रेकॉर्ड करा. एका स्लॉटमध्ये (रेकॉर्डिंगच्या कप्प्यात) सरळ वर उडी, दुसऱ्यात नुसता ब्लॉक, तिसऱ्यात हलका पंच, चौथ्यात शोर्युकेन. मग ब्लॉक केल्यावर किंवा खाली पडून उठल्यावर यांतलं काहीही एक आलटून पालटून करायला लावा, सेटिंगमध्ये ती सोय आहे. आता पंच मारा आणि थांबा. पाइलड्रायव्हर करूच नका, पहिले तीन दिवस. फक्त उडी दिसली तर लॅरिएट, शोर्युकेन आली तर ब्लॉक करून मग शिक्षा. तुम्हाला वाटेल आपल्याला इतकं पटकन दिसणार नाही. दिसतं. गेम सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं, चालतो आणि माणसाला बघून बोट हलवायला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे पंधराएक फ्रेम. ड्राइव्ह इम्पॅक्ट हा जोरदार फटका यायला २६ फ्रेम लागतात. तोही एका स्लॉटमध्ये भरून ठेवा. चार फ्रेमचा हलका पंच मात्र कोणालाच बघून अडवता येत नाही, सतरा वर्षांच्यालाही नाही. तिथे अंदाजच करावा लागतो. काय बघून करायचं आणि काय अंदाजाने, हे कळलं की निम्मी धावपळ संपते.

उरलेला वेळ मन मानेल तसा खेळा. लेव्हल ८ ला बडवा हवं तर.

वयाचं सांगते. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई खेळांत स्ट्रीट फायटर ५ हा पदकाचा खेळ होता, भारताचेही खेळाडू तिथे होते. सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूने नेलं. वय ४४. तुम्ही किम नाही, मीही नाही, पण '४१ म्हणजे उशीर झाला' हे वाक्य त्या दिवसानंतर बोलायची सोय राहिलेली नाही.

कॅरॅक्टर बदलू नका. केन घेतलात तर सहा महिन्यांनी तुम्ही न बघता केन खेळाल, एवढाच फरक पडेल. आणि आजोबांमुळे निवडलेला गडी भाच्यामुळे सोडायचा, हे मला तरी बरं वाटत नाही.

आता ऑनलाइन. 'दहापैकी दहा' ही अट काढून टाका. खरं सांगू? ती अट तुम्ही तयारीसाठी घातलेली नाही, हरणं लांबवण्यासाठी घातली आहे. सामने सुरू केलेत की गेम आधी दहा सामने खेळायला लावतो आणि मग पातळी ठरवतो. त्यातले आठ हरलात तर तुमच्यासारखेच आठ हरलेले लोक समोर येतात, आणि तिथे मजा आहे. एकच काम आधी करा, राउटरपासून प्लेस्टेशनपर्यंत लॅनची केबल ओढा. वायफायवर खेळणारा समोरच्याला दिसतो आणि पुष्कळ जण अशा माणसाशी खेळायचं टाळतात. शिवाय मध्येच चित्र अडखळलं तर तुम्ही पुन्हा वयाला दोष द्याल.

ज्या वाचकांकडे असा भाचा नाही त्यांनी जवळपास कोणी खेळतं का ते शोधावं, एक जरी सापडला तरी चालेल. २०१९ मध्ये लाहोरचा अर्सलान ॲश आधी जपानमधली आणि मग लास व्हेगसमधली एव्हो टेकन ७ या दुसऱ्या मारामारीच्या गेममध्ये जिंकला, आणि जपानच्या आधी बाहेरच्या जगाने त्याचं नावही फारसं ऐकलेलं नव्हतं. पण गावात त्याच्या खांद्याला खांदा लावून बसणारे तगडे गडी होते. टेकन ८ खेळणाऱ्यांसाठी एक चांगली सोय गेममध्येच आहे: तुमच्या खेळावरून शिकणारं तुमचंच भूत, त्याच्याशी लढता येतं. स्वतःच्या सवयी बघायला ते फार उपयोगी आहे, आणि जरा लाज आणणारंही.

तुमच्याकडे मात्र भाचा आहे, पुण्यात, स्वतःचा कंट्रोलर असलेला. त्याला फोन करा. "मला हरवायला ये" म्हणा, सतरा वर्षांचा मुलगा या आमंत्रणाला नाही म्हणत नाही. रविवारी संध्याकाळी गेममधली कस्टम रूम, म्हणजे दोघांपुरती ऑनलाइन खोली, उघडा, दहा डाव, जास्त नाही. जिंकायचं नाही असं ठरवूनच बसा. शेजारी हिशेबाची वही ठेवा, ती तर तुमच्या हातातली गोष्ट आहे. केन खाली पडला की उठताना काय करतो, त्याची खूण करायची: उडी, ब्लॉक, पंच, शोर्युकेन. डाव संपले की रिप्ले लावून राहिलेल्या खुणा भरा. डमी आलटून पालटून वागते, माणूस तसा वागत नाही. दोनदा मार खाल्ला की तो तिसऱ्यांदा काय करतो याचा एक नेम असतो, आणि तो नेम त्याला स्वतःलाही माहीत नसतो.

वहीतलं ते एक पान मला पाठवा. निकाल नको, खुणा पाठवा.